हृदयरोग संशोधनाची वाट आणि आपले विद्यार्थी

(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस येथे दोन शब्द बोलण्यासाठी बोलावले याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. आम्ही काही वक्ते नाही. तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारे साधे डॉक्टर आहोत. तेव्हा भाषणात अलंकार सापडणार नाहीत, पण जे सांगू ते मनापासून सांगू.

काही दिवसांपूर्वी मंडळाचे एक जुने सभासद आमच्या दवाखान्यात आले. त्यांची मुलगी एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मंडळाच्या शिष्यवृत्तीचा तिला हातभार लागलेला आहे. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच तिला समजावून सांगा. पोरगी म्हणते, मी दवाखाना टाकणार नाही, हृदयाच्या आजारावर संशोधन करणार. आम्ही पोटाला चिमटा घेऊन शिकवलं ते काय उंदरं कापायला?" आम्ही हसलो, त्यांना चहा पाजला; परंतु उत्तर दिले नाही. कारण तो प्रश्न आम्हांलाही पूर्वी एकदा पडला होता आणि त्या वेळी आम्ही त्याचे चुकीचे उत्तर दिले होते. त्या प्रश्नाचे उत्तर आज आपणा सर्वांसमोर देण्याचा आमचा प्रयत्न आहे. ते सभासद समोर बसले आहेत, त्यांच्या परवानगीनेच हे सांगत आहोत.

वैद्यकीय विद्यार्थी हृदयाच्या संशोधनाकडे वळतो कसा? त्यासाठी फार मोठी बुद्धी, मोठे घराणे आणि मोठी प्रयोगशाळा लागते, असा आपला समज आहे. अमेरिकेतील तीन माणसांची हकीकत सांगतो. ती ऐकून आपणच ठरवा.

पहिली हकीकत हेलन टाउसिग या बाईंची. जन्म १८९८ चा. वडील हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. म्हणजे घरात विद्या होती. परंतु या मुलीला लहानपणी अक्षरे नीट वाचता येत नसत. ती अकरा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. मोठेपणी तिने डॉक्टर व्हायचे ठरविले, तेव्हा ज्या विद्यापीठात वडील शिकवीत त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचे दार तिला बंद होते. तेथे १९४५ सालापर्यंत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. काही वर्गांना बसू देऊ, पण पदवी मिळणार नाही, असे तिला सांगण्यात आले. एका वर्गात तर पुरुष विद्यार्थ्यांशी न बोलता दूर बसावे, अशी अट होती. दूर बसविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मग ती बॉस्टन विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकू लागली. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर बेग यांनी एके दिवशी तिच्या हाती बैलाचे हृदय ठेवले आणि त्याच्या स्नायूंचा अभ्यास करण्यास सांगितले. विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलीची संशोधनाची सुरुवात एवढीच आहे. यंत्र नाही, अनुदान नाही. एका शिक्षकाने एक वस्तू हाती दिली आणि विद्यार्थिनीने ती खाली ठेवली नाही. त्याच अभ्यासातून तिचा पहिला शोधनिबंध तयार झाला. पुढे बेग यांच्याच सल्ल्यावरून ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या वैद्यकीय शाळेत गेली आणि १९२७ साली डॉक्टर झाली.

येथे मंडळाच्या सभासदांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हॉपकिन्सचे दार स्त्रियांना उघडे का होते? ही वैद्यकीय शाळा १८९३ साली सुरू झाली, पण त्याआधी पैसा अपुरा पडत होता. तेव्हा मेरी गॅरेट नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी निधी जमविला आणि देताना अट घातली की, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळालाच पाहिजे. हेलन टाउसिग तेथे पोहोचल्या त्या, त्यांच्या जन्माआधीच कोणीतरी विचारपूर्वक दिलेल्या वर्गणीच्या बळावर. वर्गणी देणाऱ्याचे काम असे दूरवर पोहोचते.

डॉक्टर झाल्यावर टाउसिगबाईंकडे लहान मुलांच्या हृदयरोगाचा विभाग आला. हे १९३० साल. त्याच सुमारास त्यांना ऐकू येणे कमी झाले. स्टेथोस्कोपवर ज्याची विद्या चालते, त्याचेच कान गेले तर काय होईल, याची कल्पना करा. बाई बालकाच्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर बोटांनी ओळखू लागल्या. क्ष-किरणांच्या पडद्यावर हृदयाचा आकार तासन् तास पाहू लागल्या. त्यांच्याकडे येणारी पुष्कळशी मुले निळी असत. ओठ निळे, नखे निळी. चार पावले चालली की दम लागून उकिडवी बसत. आमच्या गावाकडेही अशी मुले आम्ही पाहिली आहेत. लोक म्हणतात, पोराला काळीज कमी आहे.

या मुलांपैकी पुष्कळांच्या हृदयात जन्मतः चार दोष असतात. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक असते, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, मुख्य धमनी सरकून त्या भोकावर आलेली असते आणि उजवा कप्पा जाड झालेला असतो. त्यामुळे पुरेसे रक्त फुप्फुसात जात नाही, प्राणवायू घेत नाही, तसेच शरीरात फिरते. गर्भात असताना मुख्य धमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी एक लहान नळी प्रत्येकाला असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती बुजते. टाउसिगबाईंच्या लक्षात आले की, ज्या निळ्या मुलांची ही नळी उघडी राहते ती बरी असतात, आणि नळी बुजली की त्यांची प्रकृती ढासळते. मग अशी नळी मुद्दाम तयार करता येणार नाही का? एवढाच तो प्रश्न होता. हजारो मुलांचे प्राण ज्या शोधाने वाचले, त्याचा आरंभ रोग्याकडे नीट पाहण्यातून झाला.

आता दुसरी हकीकत. ही ऐकताना आपणांस आपल्याच घरातील कोणीतरी आठवेल.

व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णीय मुलगा १९१० साली लुइझियाना राज्यात जन्मला आणि नॅशव्हिल शहरात वाढला. बाप सुतार. मुलगाही बापाच्या हाताखाली रंधा मारायला शिकला. त्याला डॉक्टर व्हायचे होते, म्हणून सुतारकामाची मजुरी साठवून त्याने तेथील टेनेसी राज्याच्या कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या कॉलेजात जाण्याचे ठरविले. इतक्यात १९२९ ची मंदी आली. काम सुटले. १९३० च्या फेब्रुवारीत व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक या शल्यतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस म्हणून लागला. त्याच वर्षी बँक बुडाली आणि शिक्षणाची सारी पुंजी गेली. कॉलेज राहिले ते राहिलेच.

प्रयोगशाळेत तो प्राण्यांवर नाजूक शस्त्रक्रिया करी, रक्ताची रासायनिक तपासणी करी, नोंदी ठेवी. पण विद्यापीठाच्या दप्तरी त्याची नोंद सफाई कामगार अशी होती आणि पगारही त्याच दराचा होता. त्या दोघांच्या संशोधनातून हे सिद्ध झाले की, मोठ्या जखमेनंतर माणूस गारठतो, त्याची नाडी बसते, ते अंगातील रक्त व द्रव कमी झाल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात रक्त व रक्तद्रव देऊन असंख्य सैनिक वाचविले गेले, त्यामागे हे ज्ञान होते.

१९४१ साली ब्लॅलॉक हॉपकिन्सला गेले आणि थॉमसना सोबत घेऊन गेले. तेथे गोऱ्यांची स्वच्छतागृहे वेगळी, काळ्यांची वेगळी. पांढरा कोट घालून चालणाऱ्या या काळ्या माणसाकडे लोक थांबून पाहत. टाउसिगबाईंनी आपला प्रश्न या दोघांपुढे ठेवला. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून पाहावी, असे ठरले. असा जोड या दोघांनी काही वर्षांपूर्वी व्हँडरबिल्टला वेगळ्या हेतूने करून पाहिला होता. तो हेतू सफल झाला नव्हता, पण तेव्हाची शिवण आता उपयोगी पडली. फसलेला प्रयोगही नीट लिहून ठेवला तर पुढे कामी येतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

थॉमस यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर काम करून ही शस्त्रक्रिया बसविली. हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात कालवाकालव झाली असेल. ती व्हावी, करुणा बाजूला ठेवून केलेले संशोधन आपल्याला नको आहे. आज आपल्या देशात प्राण्यांवरील प्रयोगांवर कायद्याचे नियंत्रण आहे. शिवाय हृदयरोगाचे फार मोठे संशोधन कोणत्याही प्राण्याला हात न लावता, रोग्यांच्या नोंदींवरून आणि घरोघरच्या पाहणीवरून होते. त्याविषयी पुढे बोलू.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या एका निळ्या मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. ब्लॅलॉक टाके घालीत होते आणि त्यांच्या मागे लहान स्टुलावर उभे राहून थॉमस सूचना देत होते. कारण ही शस्त्रक्रिया त्यांच्याच हाताखालून सर्वांत जास्त वेळा गेली होती. मुलगी त्या दिवशी वाचली. काही महिन्यांनी त्रास पुन्हा उद्भवला आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती दगावली. पण वाट सापडली होती. नंतरच्या एका मुलाचे निळे ओठ तर टेबलावरच गुलाबी झालेले सर्वांनी पाहिले. १९४५ साली पहिल्या तीन रोग्यांविषयीचा लेख अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. लेखावर ब्लॅलॉक आणि टाउसिग अशी दोन नावे होती. थॉमस यांचे नाव नव्हते.

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अस्पृश्यांची व तेथील कृष्णवर्णीयांची स्थिती बरीच सारखी असल्याचे कळविले. त्या वेळी बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत थॉमस गोऱ्या तरुण डॉक्टरांना रक्तवाहिन्या शिवायला शिकवीत होते. ते साम्य म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या त्या जागेवरून कळते. काम त्यांचे, विद्यार्थी त्यांचे, नाव मात्र दुसऱ्यांचे.

थॉमस यांनी पुढे पुन्हा कॉलेजात जाण्याची खटपट केली. परंतु पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती आणि डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी आली असती. त्यांनी तो विचार सोडला. १९७६ साली हॉपकिन्सने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. १९८५ साली ते वारले. आज अनेक तज्ज्ञ त्या शस्त्रक्रियेचा उल्लेख ब्लॅलॉक-थॉमस-टाउसिग असा करतात. नाव आले, पण फार उशिरा आले.

तिसरी हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातच आमच्या बोलण्याचे सार आहे. लीवाय वॉटकिन्स हा कृष्णवर्णीय मुलगा १९४४ साली, म्हणजे त्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी जन्मला. अलाबामातील माँटगोमेरी शहरात तो वाढला. मार्टिन ल्यूथर किंग ज्या चर्चचे धर्मोपदेशक होते, तेथे त्याचे जाणे-येणे होते. व्हिव्हियन थॉमस यांनी नॅशव्हिलच्या ज्या कॉलेजसाठी पैसे साठविले होते, त्याच संस्थेतून वॉटकिन्स पदवीधर झाले. त्यानंतर १९६६ साली व्हँडरबिल्टच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. ज्या विद्यापीठाच्या दप्तरी थॉमस सफाई कामगार होते, त्याच विद्यापीठाने १९७० साली वॉटकिन्स यांना डॉक्टर केले. तेथून ते हॉपकिन्सला गेले. शहर तेच, वाट तीच. मधल्या छत्तीस वर्षांत दार उघडले होते.

आणि येथे आमचा मुद्दा आहे. शल्यक्रियेचे शिक्षण चालू असताना वॉटकिन्स १९७३ मध्ये मध्येच दोन वर्षे संशोधनासाठी गेले. हृदय थकते तेव्हा मूत्रपिंडातून निघणारी द्रव्ये रक्तदाबावर आणि अंगातील पाण्यावर काय परिणाम करतात, याचा त्यांनी अभ्यास केला. आज आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात हृदय थकलेल्या रोग्याला ज्या गोळ्या लिहून देतो, त्यांतील काही गोळ्या याच द्रव्यांवर काम करतात. १९८० च्या फेब्रुवारीत वॉटकिन्स यांनी जगात प्रथमच माणसाच्या शरीरात एक यंत्र बसविले. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की ते यंत्र आतूनच विजेचा धक्का देऊन ती पूर्ववत करते. यंत्र मिशेल मिरोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले होते. हात वॉटकिन्स यांचे होते. त्याच सुमारास ते हॉपकिन्सच्या प्रवेश समितीवर गेले आणि कृष्णवर्णीय व इतर वंचित विद्यार्थ्यांना त्यांनी मोठ्या संख्येने आत आणले. २०१५ साली ते वारले. आपण आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतले नाही.

आता आमचे स्वतःचे सांगतो. हे सांगणे सोपे नाही.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. एका शिक्षकांनी भर वर्गात आम्हांला उद्देशून म्हटले होते की, तुम्ही लोक पास झालात तरी पुष्कळ. ते शब्द अंगात रुतून बसले होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका शिक्षकांनी आम्हांला बोलावून घेतले. त्यांना एक पाहणी करायची होती. घसा दुखून नंतर सांधे सुजलेल्या मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात. त्या वाचाव्यात म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. गरिबांची मुले हे इंजेक्शन का चुकवितात, ते सुट्टीतील दोन महिने घरोघर जाऊन विचारायचे होते. ते सर म्हणाले, "तू त्या वस्त्यांतला आहेस, तुला लोक खरे सांगतील."

आम्ही नाही म्हणालो. सुट्टीत आम्हांला मजुरीला जावे लागे. धाकट्या भावंडांची पुस्तके त्यातून येत. हे खरे कारण होते. पण आणखी एक कारण होते, ते आम्ही कोणालाही सांगितले नव्हते. संशोधन हे आपल्यासाठी नाही, असे आम्ही स्वतःच मानून बसलो होतो. भर वर्गात ऐकलेले ते वाक्य आम्हीच खरे करून दाखविले.

पुढे दवाखाना टाकल्यावर एके दिवशी बारा वर्षांची मुलगी दम लागलेल्या अवस्थेत आमच्याकडे आली. झडप पार खराब झालेली. इंजेक्शने सुरू केली होती, मग बंद पडली. का, म्हणून आईला विचारले. ती म्हणाली, "साहेब, ताप गेला होता, पोरगी खेळत होती. इंजेक्शनाच्या दिवशी रोज बुडायचा, एस.टी.चं भाडं निराळं. बरी झाली असंच वाटलं." आम्ही गप्प झालो. याच उत्तरासाठी आमच्या सरांनी आम्हांला पाठविले होते. ते आम्ही त्या वेळी जाऊन विचारले असते, लिहून काढले असते, वर पोहोचविले असते, तर त्या मुलीचे काही वेगळे झाले असते की नाही, हे सांगता येत नाही. पण त्या मुलीचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून आमच्या त्या सभासद मित्राला आमचे उत्तर असे आहे. दादा, तुमची मुलगी उंदीर कापायला जात नाही. आजवर आपल्या माणसांच्या आजाराविषयी प्रश्न दुसऱ्यांनी विचारले, उत्तरेही दुसऱ्यांनीच लिहिली. ती ते प्रश्न स्वतः विचारायला निघाली आहे. दवाखान्यात बसून आम्ही एका वेळी एक रोगी पाहतो, आणि ते कामही मोलाचे आहे. पण रोगी तशा अवस्थेला का पोहोचला, हे शोधणारा आपल्यातला कोणीतरी हवाच. तिला अडवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ सालापासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. मार्गदर्शक शिक्षकाच्या संमतीने अर्ज करावा लागतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच चौकशी करा, शिक्षकाचे दार ठोठावा. दोन, रोग्याविषयी जे दिसते ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. टाउसिगबाईंचा शोध अशा पाहण्यातूनच निघाला. तीन, कोणाबरोबर काम केले तर प्रत्येकाचे नाव कागदावर आले पाहिजे. तुमचे तर आलेच पाहिजे, आणि तुम्हांला मदत करणाऱ्या परिचराचे व तंत्रज्ञाचेही आले पाहिजे. थॉमस यांच्यावर झाला तो अन्याय आपल्या हातून कोणावर होऊ नये.

मंडळाला एक विनंती आहे. आपली शिष्यवृत्ती पदवी हाती पडली की थांबते. घरची चूल अडते ती नेमकी त्यानंतर. हुशार मुलगा किंवा मुलगी संशोधन सोडून मिळेल त्या नोकरीला लागते, कारण घर वाट पाहत असते. दरवर्षी एका विद्यार्थ्याला दोन वर्षे घर सांभाळण्यापुरता हातभार मिळेल, असा एक वेगळा निधी मंडळाने उभारावा, आणि त्यात मुलींना बरोबरीचा हक्क राहील अशी अट मेरी गॅरेटबाईंप्रमाणे आधीच लिहून ठेवावी. आमच्या वाट्याची पहिली वर्गणी आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन केली आहे. रक्कम मोठी नाही. आम्ही सुट्टीतील त्या दोन महिन्यांत मजुरी करून जेवढे कमावले होते, त्याचा आजच्या दराने हिशोब करून ती दिली आहे. तो हिशोब फार दिवस थकला होता.